काहिली फुटल्या तो दिवस

ड्रुसिला कानांनी मीठ शिजवायची. खाडीकाठच्या बाकीच्या मिठागरांवर लोक काहिलीत वाकून वाकून पाहायचे, पळीवर घेऊन चाखायचे, आणि तरी निम्म्या वेळा त्यांचं मीठ करपायचं किंवा ओलं राहायचं. ड्रुसिला काहिलीकडे पाठ करून उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, समोरच्या बगळ्यांकडे बघत. खारं पाणी आधी खळखळतं, मग दाटत आलं की घरघरतं, आणि मग कुणीतरी वाळूवरून अलगद पाय ओढत चालल्यासारखी बारीक करकर सुरू होते. ती करकर ऐकू आली की ती ओरडायची, "दाणा पडला! जाळ ओढा!"

जाळ ओढायचं काम प्रायमसचं. हा प्रायमस म्हणजे धिप्पाड गडी, भुवया कायम जळलेल्या, आणि हसला की पलीकडच्या तीरावरचे पक्षी उडायचे. बारा काहिलींच्या खाली लांबच लांब चुलाण होतं. त्याच्या तोंडाशी बसून तो पाईनची लाकडं आत सारायचा.

"हा काय जाळ आहे?" ड्रुसिला विचारायची. "आजारी मांजर याहून गरम असतं."

"तू खाली येऊन बस माझ्याशेजारी. दुप्पट जाळ करतो की नाही बघ."

"तुझ्याशेजारी बसून माझ्या भुवया जाळून घेऊ?"

"भुवयांवाचून तू आणखी छान दिसशील गं."

हे असं दिवसभर चालायचं. आजूबाजूचे वीस-बावीस जण लाकडं फोडता फोडता, खड्ड्यातून खारं पाणी शेंदता शेंदता ऐकायचे आणि आज कोण वरचढ ठरलं याचा निवाडा दुपारी जेवताना करायचे. निवाडा बहुतेक ड्रुसिलाच्या बाजूने लागायचा.

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण लढाईचं तिसरं वर्ष होतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं आवळून धरली होती. बाहेरून मीठ यायचं थांबलं, आणि मीठ नाही म्हणजे हिवाळ्यात कापलेली डुकरं टिकायची नाहीत, आणि खारवलेलं मांस नाही म्हणजे पलटणी उपाशी. म्हणून फ्लोरिडाचा समुद्र जिथे जिथे आत घुसला होता तिथे तिथे चुलाणं पेटली. उसाच्या गुऱ्हाळांवरच्या ओतीव लोखंडाच्या काहिली बैलगाड्यांवर घालून आणल्या आणि माणसंही तशीच आणली. ड्रुसिलाला तिच्या जॉर्जियातल्या मालकाने भाड्याने दिलं होतं, बैलजोडी द्यावी तसं. प्रायमस अलाबामातल्या एका विधवा बाईच्या मालकीचा होता.

मागच्या वसंतात प्रायमसने टोपी हातात घेऊन मुकादमाला विचारलं होतं, "क्रेनशॉ साहेब, मला ड्रुसिलाशी लग्न करायचंय."

क्रेनशॉ दात कोरत होता. म्हणाला, "एकीचा मालक जॉर्जियात, एकाची मालकीण अलाबामात. उद्या पोर झालं तर ते कुणाचं? मी त्या भांडणात पडणार नाही. जा, चुलाण बघ."

प्रायमस चुलाण बघायला गेला. त्या दिवशी ड्रुसिलाने जाळावरून एकही टोमणा मारला नाही. संध्याकाळी हेगर मावशीने दोघांपुढे उकडलेल्या रताळ्यांचं एकच ताट ठेवलं आणि म्हणाली, "एका ताटात खायला कुणाची परवानगी लागत नाही. गिळा."

हेगर मावशी मिठागरावरची सर्वांत म्हातारी. सगळ्यांचं जेवण तीच करायची. मक्याच्या पिठाची लापशी, रताळी, जाळ्यात सापडली तर बोय मासळी. आणि या सगळ्यात मीठ किती? तर क्रेनशॉ रोज सकाळी स्वतः एक चमचा मोजून द्यायचा, वीस जणांत. पोतीच्या पोती मीठ शिजवणारे हे लोक अळणी लापशी खायचे. ड्रुसिला कपाळावरचा घाम जिभेने टिपायची आणि म्हणायची, "माझं मी करून घेते बाई."

हिवाळा सुरू झाला तशी क्रेनशॉची बडबड वाढली. खाडीच्या तोंडापलीकडे यांकींचं, म्हणजे उत्तरेकडच्यांचं, जहाज नांगर टाकून उभं असल्याची बातमी होती. त्याने रविवारी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "हे यांकी म्हणजे माणसं नव्हेत. डोक्यावर शिंगं असतात त्यांना. तुम्हाला पकडतील आणि क्यूबात नेऊन विकतील. तिथे उसाच्या मळ्यात वर्षाच्या आत मराल. तेव्हा ते आले तर माझ्यामागे जंगलात पळायचं. समजलं?"

"समजलं साहेब," सगळे म्हणाले.

हेगर मावशीने हात वर केला. "साहेब, ती शिंगं पुढे वळलेली असतात का मागे?"

"काय?"

"नाही, बोकडासारखी का बैलासारखी? ओळखायला बरं पडेल. म्हातारीची नजर अधू झालीय."

क्रेनशॉने तिला निरखून पाहिलं. मावशीचा चेहरा कसा, नुकत्या धुतलेल्या थाळीसारखा स्वच्छ. शेवटी तो म्हणाला, "बैलासारखी," आणि निघून गेला. तो झाडांआड होईपर्यंत सगळ्यांनी श्वास कोंडून धरला. मग प्रायमस हसला आणि पलीकडचे पक्षी उडाले.

ते आले डिसेंबरातल्या एका सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर. ड्रुसिला नेहमीसारखी काहिलीकडे पाठ करून उभी होती, म्हणून तिलाच आधी दिसलं. भूशिराला वळसा घालून दोन होड्या येत होत्या. वल्ही एका तालात वर यायची आणि ओली झाल्याने उन्हात चकाकायची.

पहाऱ्याला सहा जण होते, सगळे पलटणीत न घेतलेले म्हातारे. एकाने बंदूक उडवली. गोळी कुठे गेली ते देवाला माहीत. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सहाही जण झाडीत दिसेनासे झाले, इतक्या चपळाईने की त्यातल्या एकाला संधिवात आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं.

क्रेनशॉ खोपटातून धावत आला. एका हातात पिस्तूल, एका हातात खेचराचा लगाम. "जंगलात! सगळे जंगलात! चला, चला!"

ड्रुसिलाने त्याच्याकडे पाहिलं. मग होड्यांकडे पाहिलं. त्या अजून बंदुकीच्या पल्ल्याच्या बाहेर होत्या, आणि झाडी मात्र तीस पावलांवर. तिचं काळीज एवढं धडधडत होतं की मागच्या सहा नंबरच्या काहिलीतली करकर तिला नीट ऐकूच येईना. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "साहेब, सहा नंबरात दाणा पडतोय."

"खड्ड्यात गेला तुझा दाणा!"

"करपेल ना साहेब. तुम्हीच सांगता, करपलं तर चामडी सोलीन." असं म्हणून तिने लांब दांड्याचं लाकडी फावडं उचललं आणि सावकाश, अगदी देवाचं काम करावं तसं, मीठ कडेला ओढू लागली.

क्रेनशॉ वळला. "प्रायमस! खेचरं जुंप!"

"जुंपतो साहेब," प्रायमस म्हणाला आणि गाडीपाशी गेला. गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून पाहिलं. "साहेब, चाकाची खीळ दिसत नाही."

"काल तर होती!"

"काल होती साहेब. कालची मी पाहिलीय." खीळ त्याच्या मुठीत होती. ड्रुसिलाला ती बोटांच्या फटीतून दिसली आणि तिला एकदम हसू फुटायला लागलं. तिने ओठ दातांखाली धरले.

"हेगर! तू तरी ऊठ!"

हेगर मावशी चुलीपुढे मांडी घालून बसली होती. "उठते की. कुणीतरी हात द्या गं." दोघी जणी हात द्यायला गेल्या. मावशी अर्धी उठली, 'आई गं' म्हणाली आणि दोघींना घेऊन खाली बसली. मग त्या तिघींना उठवायला आणखी चौघे गेले. कुणी कुणाला नाही म्हणत नव्हतं. सगळे 'हो साहेब', 'आलो साहेब' म्हणत होते, आणि एकही माणूस झाडीच्या दिशेने एक पाऊल सरकत नव्हता.

क्रेनशॉ मूर्ख नव्हता. त्याला एकदम कळलं. त्याने पिस्तूल उचललं आणि ड्रुसिलावर रोखलं. सगळा गलबला थांबला. प्रायमसच्या हातून खीळ खाली पडली आणि तो मध्ये येऊन उभा राहिला, हात खाली सोडून. त्याच्या बाजूला मावशी येऊन उभी राहिली. मग एकेक करत सगळेच. वीस माणसं आणि एक पिस्तूल. होड्यांतून कुणीतरी मोठ्याने हुकूम दिल्याचा आवाज आला. होडीचा तळ वाळूला घासला.

क्रेनशॉने पिस्तूल खाली केलं. खेचरावर टांग टाकली आणि गेला. जाताना त्याची टोपी फांदीला अडकून राहिली. ती घ्यायलासुद्धा तो थांबला नाही.

ड्रुसिलाने प्रायमसच्या पाठीत एक जोरदार बुक्की मारली. "मध्ये उभं राहायला कुणी सांगितलं होतं रे तुला?" आणि तिथेच त्याच्या पाठीला कपाळ टेकून ती हुंदके देऊ लागली.

खलाशी बंदुका रोखून वर आले ते लढाईच्या तयारीने. समोर कोण, तर फावडी-टोपल्या घेतलेली माणसं. पुढे एक तरुण लेफ्टनंट होता, थंडीने नाक लाल झालेला. त्याच्या मागोमाग आला त्याच्याकडे मात्र सगळे बघतच राहिले. निळा कोट, पितळी गुंड्या, खांद्यावर बंदूक, आणि रंग प्रायमसपेक्षाही काळा. काळ्या माणसाच्या खांद्यावर बंदूक त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"सुप्रभात मंडळी," तो म्हणाला. "मी टोबायस. घाबरू नका."

हेगर मावशी सरळ त्याच्यापुढे गेली. "टोपी काढ बाळा."

"काय म्हणालात मावशी?"

"टोपी काढ. मला बघायचंय."

टोबायसने गोंधळून टोपी काढली. मावशीने त्याचं डोकं दोन्ही हातांनी नीट चाचपलं, समोरून, मागून, कानांच्या वर. मग वळून सगळ्यांना सांगितलं, "नाहीत." आणि त्या माणसांच्या हसण्याला जो बांध घालून ठेवला होता तो तिथे फुटला. लेफ्टनंटला काही कळेना, तोही हसायला लागला.

पण काम तर करायचंच होतं. हुकूम होता, काहिली फोडायच्या. खलाशांनी घण आणले आणि पहिल्या काहिलीवर घातले. टण्ण! घण उसळून वर आला आणि मारणारा दोन्ही हात काखेत घालून नाचू लागला. लोखंड होतं बोटभर जाडीचं. दुसऱ्याने घातला, तोही तसाच नाचला. चार-पाच जणांचे हात बधिर झाले आणि काहिलीला साधा पोचा आला नाही.

ड्रुसिला बघत होती. ही तिची काहील होती. हिला ती रोज घासायची. हिचा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. आणि हिच्याच पायी तिची दोन वर्षं गेली होती, तिची म्हणून एक चिमूट मीठ हातात न येता. खलाशी पुन्हा घण उचलायला लागला तशी ती पुढे झाली.

"अहो थांबा. हात मोडून घ्याल. असं नाही मरत ती."

लेफ्टनंट म्हणाला, "मग कशी मरते?"

"प्रायमस," ती म्हणाली, "जाळ."

"किती?"

"आहे तेवढा सगळा."

प्रायमसने बाह्या सरसावल्या. ड्रुसिलाने खलाशांना काहिलींतलं मीठ आणि पाणी उपसायला लावलं. रिकाम्या काहिली जाळावर तशाच राहू दिल्या. पाईनची राळ भरलेली लाकडं कडाडत पेटली, धुराड्यातून ज्वाळा बाहेर आल्या. थोड्या वेळाने काहिलींचे तळ लालसर दिसू लागले. दोन वर्षं क्रेनशॉ ज्या एका गोष्टीसाठी चाबूक हातात घेऊन फिरत होता ती ही, की काहील कोरडी पडू द्यायची नाही, आणि पडलीच तर तिच्यात गार पाणी घालायचं नाही.

ड्रुसिलाने समुद्रातून बादली भरून आणली. डिसेंबरचं पाणी, बोटं गारठवणारं. ती पहिल्या काहिलीपुढे उभी राहिली. "मागे सरा सगळे," म्हणाली, आणि बादली उलटी केली.

तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. वाफेचा लोट उठला आणि त्यात ड्रुसिला दिसेनाशी झाली. वाफ विरली तेव्हा काहील या काठापासून त्या काठापर्यंत चिरली होती, आणि ड्रुसिला रिकामी बादली घेऊन, केसांतून पाणी निथळत, तोंड भरून हसत उभी होती.

"दुसरी बादली!" ती ओरडली.

मग तिला कुणी अडवूच शकलं नाही. माणसांनी समुद्रापासून चुलाणापर्यंत रांग धरली. बादल्या हातोहात यायला लागल्या. धडाम! लोक ओरडायचे, "तीन!" धडाम! "चार!" आठवी काहील तिने हेगर मावशीला फोडायला दिली. मावशीने पाणी ओतण्याआधी काहिलीला उद्देशून असे काही शब्द उच्चारले की लेफ्टनंटचं नाक आणखी लाल झालं. बारावी प्रायमसने फोडली. काहिलीचा अर्धा तुकडा चुलाणात कोसळला, ठिणग्या उडाल्या आणि त्याच्या उरल्यासुरल्या भुवयाही गेल्या.

राहिलं मीठ. खोपटात छतापर्यंत पोती रचलेली होती. लेफ्टनंट म्हणाला, "हे सगळं समुद्रात."

"सगळं?" हेगर मावशी म्हणाली. "का हो, तुमच्या जहाजावर अळणी जेवतात का?"

"तसं नाही मावशी, पण हुकूम..."

"हुकूम मीठ नासायचा आहे ना? मग आम्ही नासतो. खाऊन."

त्याने टोबायसकडे पाहिलं. टोबायस आकाशाकडे बघत होता. शेवटी ठरलं की प्रत्येकाने अंगावर उचलवेल तेवढं न्यावं. बायकांनी ओचे भरले, पुरुषांनी सदरे काढून त्यांची गाठोडी बांधली. ड्रुसिलाने ओंजळभर मीठ घेतलं, त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

"कसं झालंय?" प्रायमसने विचारलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "जाळ बरा होता."

असं ती आजवर एकदाही म्हणाली नव्हती. त्या दिवशीचा निवाडा कुणाच्या बाजूने लागला ते कुणी विचारलंच नाही.

खाडीच्या तोंडाशी एक वाळूचं बेट होतं. जहाजाच्या तोफांच्या छायेत मालकांकडून पळालेली पन्नासेक माणसं तिथे आधीच येऊन राहिली होती, बुटक्या ताडांच्या झावळ्यांची छपरं घालून. ही मंडळी होड्यांतून तिथे उतरली तशी गाठोडी उघडून मीठ वाटणं सुरू झालं आणि तासाभरात सगळ्या बेटाशी नातं जुळलं.

चौथ्या दिवशी दुपारी ड्रुसिलाचं आणि प्रायमसचं लग्न लागलं. जहाजावर पाद्री नव्हता. लेफ्टनंटने कप्तानाकडून प्रार्थनांचं पुस्तक मागून आणलं होतं आणि वाळूवर उभा राहून तो ते वाचत होता, मध्ये मध्ये शिंकत. टोबायसने आपला निळा कोट प्रायमसला घालायला दिला होता. तो छातीवर बसत नव्हता, म्हणून एकच गुंडी लावली होती. हेगर मावशीने ड्रुसिलाच्या डोक्याला पिवळा रुमाल बांधला.

लेफ्टनंटने विचारलं, "या स्त्रीला विवाहात कोण देत आहे?"

ड्रुसिलाची आई जॉर्जियात होती, असली तर. बाप तिने पाहिला नव्हता. तिला क्षणभर आई दिसली, कापसाच्या ओळीत वाकलेली. मग ती म्हणाली, "देणार कोण? मी कुणाची वस्तू आहे आता? माझी मीच आलेय. वाचा पुढे."

लेफ्टनंटने पुढे वाचलं.

मग जेवण झालं. निखाऱ्यांवर भाजलेली कालवं, बोय मासळी, मक्याच्या भाकरी, आणि सगळ्यावर हवं तेवढं मीठ. टोबायसने व्हायोलिन काढलं. एका खलाशाने दोन हाडं बोटांत धरून ठेका धरला. आधी पोरं नाचली, मग बायका, मग हेगर मावशीने एका लाल दाढीच्या खलाशाला मनगट धरून ओढलं आणि तो सुटू पाहत होता तरी सोडला नाही.

प्रायमस म्हणाला, "मला नाचता येत नाही गं."

"मग काय येतं? चल!"

त्याला खरंच येत नव्हतं. चारचौघांचे पाय तुडवल्यावर लोकांनी त्याच्याभोवती जागा मोकळी करून दिली. भरती चढत होती. पाणी नाचणाऱ्यांच्या पायांपर्यंत आलं तसे सगळे मागे सरकले आणि व्हायोलिनही मागे सरकलं. पाणी आणखी वर आलं, ते आणखी मागे गेले. असं करत करत सगळे झुडपांपर्यंत पोचले. मागे आता जागाच नव्हती. टोबायस एका ओंडक्यावर चढून उभा राहिला, पण त्याने वाजवणं थांबवलं नाही. ड्रुसिलाने घागरा गुडघ्यापर्यंत खोचला, प्रायमसचे दोन्ही हात धरले आणि नाचत नाचत त्याला सरळ पाण्यात घेऊन गेली.

"अगं, टोबायसचा कोट भिजेल!" तो ओरडला.

"भिजू दे," ती म्हणाली. मागून बाकीचे सगळे खिदळत, पाणी उडवत आत शिरलेच होते.